समुद्री गवताखालचा कार्बन कसा मोजावा आणि त्यावरचे धोके कसे नोंदवावेत

समुद्री गवताच्या कुरणात कार्बनचा साठा किती, असे विचारले की बहुतेकांची नजर पाण्यात डोलणाऱ्या हिरव्या पात्यांकडे जाते आणि मोजणीचा अंदाज तिथेच चुकायला लागतो. जगभरच्या कुरणांची आकडेवारी एकत्र करून 2012 साली मांडलेल्या सरासरीनुसार जिवंत गवतात, म्हणजे पाती, खोड आणि मुळे धरून, हेक्टरी जेमतेम अडीच टन कार्बन असतो आणि त्यातलाही सुमारे दोन-तृतीयांश भाग जमिनीखाली असतो. त्याच कुरणाच्या एक मीटर खोलीपर्यंतच्या गाळात मात्र शंभर टनांहून अधिक कार्बन सापडणे नवलाचे नाही. तेव्हा साठा मोजायचा तर गाळ मोजावा लागतो, आणि धोका ओळखायचा तर गाळ कशाने उघडा पडतो हे पाहावे लागते. महाविद्यालयीन शिक्षक, विद्यार्थी आणि किनाऱ्यावर काम करणाऱ्या संस्थांना ही दोन्ही कामे बेताच्या साधनांत कशी करता येतील, हे येथे तमिळनाडूच्या पाल्क उपसागराचे उदाहरण धरून सांगितले आहे.

पाल्क उपसागर निवडण्याचे कारण सरळ आहे. उपग्रहचित्रांवरून केलेल्या नकाशांनुसार भारतात समुद्री गवताचे क्षेत्र सुमारे 517 चौरस किलोमीटर आहे आणि त्याचा मोठा वाटा पाल्क उपसागर व त्याच्या दक्षिणेचे मन्नारचे आखात यांत आहे. बाकीची कुरणे अंदमान-निकोबार, लक्षद्वीप, कच्छचे आखात, चिलिका सरोवर अशी विखुरलेली आहेत. समुद्री गवतावरच जगणाऱ्या ड्युगाँग या सागरी सस्तन प्राण्यासाठी तमिळनाडू सरकारने सप्टेंबर 2022 मध्ये तंजावर आणि पुदुकोट्टै जिल्ह्यांच्या किनाऱ्यालगतचे 448 चौरस किलोमीटर समुद्रक्षेत्र संवर्धन राखीव म्हणून घोषित केले. देशातले ड्युगाँगसाठीचे हे पहिलेच राखीव क्षेत्र.

जाण्यापूर्वी

राखीव क्षेत्रात नुसते पाहणे आणि गाळाचा नमुना उपसणे यांत कायद्याच्या दृष्टीने फरक आहे. नमुना घ्यायचा असेल तर राज्याच्या वनखात्याची लेखी परवानगी आधी मिळवावी. अर्जात जागा, नमुन्यांची संख्या, पाइपचा व्यास आणि भोके पुन्हा कशी भरणार हे स्पष्ट लिहावे. ड्युगाँग आणि समुद्रघोडा हे दोन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतले प्राणी आहेत. पाहणीसाठी तळावर ठेवलेल्या चौकटीत ते आले तर नोंद करून बाजूला व्हावे, हात लावू नये.

परवानगीइतकेच महत्त्वाचे म्हणजे गावातल्या मच्छीमारांशी आधी बोलणे. गवत कुठे दाट आहे, कुठे गेल्या काही वर्षांत विरळ झाले, कोणत्या वाऱ्यात ते उपटून किनाऱ्याला लागते, ही माहिती कोणत्याही उपग्रहचित्रात नसते. खेकड्याची जाळी लावणारे आणि शिडाच्या होड्यांनी उथळ पाण्यात जाणारे लोक यात विशेष जाणकार असतात. त्यांना सोबत घ्यावे, होडी त्यांचीच घ्यावी आणि दिवसाची मजुरी ठरवून द्यावी. फुकटच्या सहकार्यावर बेतलेले सर्वेक्षण दुसऱ्या वर्षी होत नाही.

वेळ निवडताना कोकणातल्या सवयी बाजूला ठेवाव्या लागतात. तिकडे उधाणाच्या सुकतीला किनाऱ्याचा मोठा पट्टा उघडा पडतो. पाल्क उपसागरात भरती-ओहोटीतला फरक एक मीटरही नसतो, त्यामुळे बहुतेक कुरण पाण्याखालीच पाहावे लागते. उपसागर उथळ असल्याने स्नॉर्कल (पाण्यात तोंड ठेवून श्वास घेण्याची नळी) लावून बरेचसे काम उरकते. ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी पावसाच्या काळात पाणी इतके गढूळ असते की चौकटीतले गवतही दिसत नाही. फेब्रुवारी ते मे हा काळ सोयीचा. 15 एप्रिल ते 14 जून या 61 दिवसांत पूर्व किनाऱ्यावर ट्रॉलरबंदी, म्हणजे जाळे ओढत नेणाऱ्या यांत्रिक बोटींना बंदी, असते. बंदीच्या आधी एकदा आणि शेवटी एकदा अशा दोन पाहण्या केल्या तर ट्रॉलिंगचा परिणाम वेगळा काढायला मदत होते.

गवताची पाहणी

सीग्रास-वॉच या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाने रूढ केलेली पद्धत सोपी आहे आणि तिचे आकडे इतर देशांच्या आकड्यांशी ताडून पाहता येतात. किनाऱ्याला काटकोनात पन्नास मीटरच्या तीन टेप पंचवीस-पंचवीस मीटर अंतरावर समांतर टाकाव्यात. प्रत्येक टेपवर शून्यापासून दर पाच मीटरला पन्नास सेंटिमीटर बाजूची चौकट ठेवावी. अशा अकरा चौकटी एका टेपवर आणि एकूण तेहेतीस होतात. चौकट पीव्हीसी पाइपची करावी आणि पाइपला भोके पाडावीत, म्हणजे ती तरंगत नाही. प्रत्येक चौकटीचा वरून फोटो घ्यावा, गवताने झाकलेल्या क्षेत्राची टक्केवारी, जातींचे प्रमाण, पात्यांची उंची आणि पात्यांवर चढलेल्या शेवाळाचा अंदाज लिहावा. टक्केवारीचा अंदाज दोघांनी एकमेकांना न सांगता करावा आणि मग ताडून पाहावा. पहिल्या दिवशी दोघांत वीस-वीस टक्क्यांचा फरक पडतो, पण दोन दिवसांच्या सरावाने तो आटोक्यात येतो.

जाती ओळखण्यासाठी फार मोठी तयारी लागत नाही, कारण भारतात समुद्री गवताच्या जाती चौदा ते सोळाच आहेत. पाल्क उपसागरात सर्वाधिक भेटते ते सायमोडोसिया सेरुलाटा: पाते बोटाच्या नखाएवढे रुंद, आणि टोकाशी भिंग धरले तर करवतीसारखे बारीक दाते स्पष्ट दिसतात. सिरिंगोडियमचे पाते चपटे नसून गोल असते, चिमटीत फिरवले की लगेच कळते. हॅलोड्यूल युनिनर्व्हिसचे पाते अगदी अरुंद, टोकाला तीन दाते आणि मधोमध एक गडद शीर. हॅलोफिला ओव्हॅलिसला लांबट नव्हे तर अंडाकृती पाने असतात आणि ती देठावर जोडीने येतात. एनहॅलस ओळखायला सर्वांत सोपे; मीटरभर लांबीची पट्ट्यासारखी पाने आणि खोडावर काळे राठ केस. जातीची नोंद केवळ सोपस्कार म्हणून करायची नाही. एनहॅलस आणि सायमोडोसियाची जाड खोडे गाळ धरून ठेवतात, तर हॅलोफिला लवकर येते आणि लवकर जाते. दाट सायमोडोसियाच्या जागी दोन वर्षांनी नुसती हॅलोफिला दिसू लागली तर झाकलेल्या क्षेत्राची टक्केवारी कदाचित तीच राहील, पण कुरणाला मार बसलेला आहे हे निश्चित.

गाळाचा नमुना

गाळाच्या नमुन्यावर सगळ्या मोजणीची भिस्त असल्यामुळे येथे घाई करू नये. पाच सेंटिमीटर आतल्या व्यासाचा आणि 120 सेंटिमीटर लांबीचा जाड पीव्हीसी किंवा ॲल्युमिनियमचा पाइप घ्यावा, खालची कड कानशीने धारदार करावी. गवताची पाती बाजूला सारून पाइप उभा धरावा आणि वर लाकडी ठोकळा ठेवून हातोडीने सावकाश ठोकावा. पाइप खाली जाताना आतला गाळ दाबला जातो. ही दाब-घट मोजली नाही तर पुढचा सगळा हिशेब फुगतो. म्हणून पाइप उपसण्यापूर्वी दोन मापे घ्यावीत: पाइपच्या वरच्या कडेपासून बाहेरच्या समुद्रतळापर्यंतचे अंतर, आणि त्याच कडेपासून पाइपच्या आतल्या गाळापर्यंतचे अंतर. समजा बाहेरचे अंतर 40 सेंटिमीटर आणि आतले 50 भरले, तर पाइप 80 सेंटिमीटर खोल गेला आहे आणि आत 70 सेंटिमीटर लांबीचा गाळ आहे. दाबाचे गुणोत्तर 70 भागिले 80, म्हणजे 0.875. हे जागेवरच वहीत लिहावे, कारण पाइप बाहेर काढल्यावर ते पुन्हा काढता येत नाही.

त्यानंतर वरच्या तोंडाला रबरी बूच घट्ट बसवावे, पाइप किंचित फिरवत उपसावा आणि खालचे तोंड तळातून सुटताच तळहाताने झाकून टोपण लावावे. पाइप किनाऱ्यापर्यंत उभाच न्यावा. आडवा केला की वरचा मऊ थर घसरतो आणि मग कोणता थर कुठला हे सांगता येत नाही. एका कुरणात किमान तीन नमुने घ्यावेत आणि जवळच्या, तेवढ्याच खोलीच्या पण गवत नसलेल्या जागी आणखी तीन घ्यावेत. उघड्या जागेचे नमुने बहुतेक जण कष्ट वाचवण्यासाठी टाळतात. पण त्यांच्याशिवाय साध्या चिखलातला कार्बनही गवताच्या खात्यावर जमा होतो. शिवाय कुरणाच्या गाळातला सगळा कार्बन गवताचाच नसतो. पात्यांमुळे पाण्याचा वेग मंदावतो आणि नदीतून, कांदळवनातून, प्लवकांतून आलेले कण तिथे बसतात. जगभरच्या नमुन्यांत हा बाहेरचा वाटा सुमारे निम्मा आढळला आहे. तो कुरणामुळेच टिकून आहे, तेव्हा साठ्यात धरावा, परंतु गवताने तो स्वतः तयार केला असे लिहू नये.

नमुना लाकडी दट्ट्याने हळूहळू बाहेर ढकलून पाच-पाच सेंटिमीटरचे काप करावेत आणि प्रत्येक काप क्रमांक, खोली व तारीख लिहिलेल्या पिशवीत भरून बर्फात ठेवावा. कापताना रंग आणि वास यांचीही नोंद घ्यावी. वरचा थोडासा तपकिरी थर संपला की गाळ काळा होतो आणि कुजक्या अंड्यासारखा वास येतो. तिथे ऑक्सिजन नाही, त्यामुळे कुजण्याची क्रिया मंद आहे आणि जुने खोडाचे तुकडे हाताला लागतात. कार्बन शतकानुशतके का टिकतो याचे उत्तर याच काळ्या थरात आहे.

प्रयोगशाळा आणि हिशेब

काप 60 अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवावेत. त्याला दोन ते तीन दिवस लागतात. वरच्या उदाहरणातल्या पाइपचे आतले क्षेत्रफळ 19.6 चौरस सेंटिमीटर आहे. पाच सेंटिमीटरच्या कापाची मूळ जाडी 5 भागिले 0.875, म्हणजे 5.7 सेंटिमीटर, आणि मूळ आकारमान सुमारे 112 घन सेंटिमीटर. कापाचे कोरडे वजन 112 ग्रॅम भरले तर कोरडी घनता घन सेंटिमीटरला एक ग्रॅम होते.

आता त्या कापातला थोडा भाग खलात कुटून मफल भट्टीत 450 अंशांवर चार ते आठ तास जाळावा. जळून कमी झालेले वजन म्हणजे सेंद्रिय पदार्थ, आणि त्यातला कार्बन काढण्यासाठी समुद्री गवताच्या गाळाकरिता रूढ असलेले सूत्र असे आहे: जळालेल्या वजनाची टक्केवारी गुणिले 0.43, वजा 0.33. तीन टक्के वजन जळाले असेल तर सेंद्रिय कार्बन 0.96 टक्के येतो. सगळा मीटरभर गाळ याच प्रतीचा असेल तर दर चौरस सेंटिमीटरखाली 0.96 ग्रॅम, म्हणजेच हेक्टरी 96 टन कार्बन. कार्बन डायऑक्साइडमध्ये सांगायचे तर 3.67 ने गुणून सुमारे 352 टन. प्रत्यक्षात प्रत्येक कापाचा आकडा वेगळा येतो, तेव्हा तो स्वतंत्र काढून बेरीज करावी. पाइप 80 सेंटिमीटरच गेला असेल तर अहवालात 80 सेंटिमीटरचाच साठा लिहावा, उरलेले वीस अंदाजाने भरू नयेत.

दोन ठिकाणी हा सोपा मार्ग फसवतो. चिकणमाती जास्त असेल तर तिच्या कणांत बांधलेले पाणीही भट्टीत उडते आणि कार्बन जास्त दिसतो. दुसरे म्हणजे मन्नारच्या आखातातील बेटांभोवतीच्या गाळात प्रवाळ आणि शिंपल्यांचा चुरा भरपूर असतो. त्यातला कार्बन असेंद्रिय आहे आणि तो साठ्यात धरायचा नसतो. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकल्यावर फसफस झाली तर असा चुरा आहे हे समजावे. अशा वेळी काही नमुने आम्लाने धुऊन विद्यापीठातल्या मूलद्रव्य विश्लेषकावर तपासून घ्यावेत आणि भट्टीचे आकडे त्यांच्याशी जुळवावेत.

साठा आणि दर

समुद्री गवत पर्जन्यवनांपेक्षा पस्तीस पट वेगाने कार्बन शोषते, हे वाक्य भाषणांत आणि फलकांवर इतके फिरले आहे की ते न लिहिणेच बरे. त्यामागची तुलना गाळात आणि मातीत कार्बन पुरला जाण्याच्या वेगाची आहे. झाडांच्या खोडाफांद्यांत साठणारा कार्बन तीत येत नाही, आणि साठा किती याविषयी ती काहीच सांगत नाही. आयपीसीसी या हवामान बदलावरील आंतरसरकारी मंडळाने 2013 च्या पाणथळविषयक पुरवणीत स्थानिक मोजणी नसेल तेव्हा वापरायचे आकडे दिले आहेत. समुद्री गवताखालच्या एक मीटर गाळात हेक्टरी 108 टन कार्बन, आणि पुनर्रोपित कुरणात नव्याने साठण्याचा दर वर्षाला हेक्टरी 0.43 टन. पहिल्याला दुसऱ्याने भागले तर अडीचशे वर्षे येतात. आज एक हेक्टर कुरण खरवडून उद्या तेवढेच दुसरीकडे लावले, तर हिशेब कागदावर जुळतो. समुद्रात जुळायला मात्र अडीच शतके लागतात. कुरणाचे मूल्य सांगताना दरापेक्षा साठा आधी मांडावा, असा आमचा आग्रह त्यामुळेच आहे. दर काढायचा असेल तर शिशाच्या 210 समस्थानिकाने थरांचे वय ठरवावे लागते, आणि खेकडे व किड्यांनी उकरलेल्या गाळात तेही भरवशाचे नसते.

धोक्यांची नोंद

धोके दोन तऱ्हांचे असतात: गाळच उकरणारे आणि पात्यांना मारणारे. पहिल्या तऱ्हेत साठा ताबडतोब उघडा पडतो, दुसऱ्या तऱ्हेत खोडे कुजून गाळ सुटायला काही महिने ते काही वर्षे लागतात. नोंदवहीत ही दोन पाने वेगळी ठेवावीत.

तळ खरवडणारे ट्रॉलिंग हा पाल्क उपसागरातला सर्वांत मोठा प्रश्न. जाळ्याचे तोंड उघडे ठेवणाऱ्या जड फळ्या आणि खालची साखळी तळावरून घसटत जाते. खूण ओळखायची ती अशी: समांतर सरळ चर, दोन्ही कडांना उलटलेली खोडे आणि पांढरी मुळे वर आलेली. 1983 च्या तमिळनाडू सागरी मासेमारी नियमन कायद्याने किनाऱ्यालगतचा पट्टा यांत्रिक ट्रॉलरना वर्ज्य केला, श्रीलंकेने 2017 मध्ये आपल्या हद्दीत तळ-ट्रॉलिंगवर बंदी घातली आणि त्याच वर्षी पाल्क उपसागरातल्या ट्रॉलरना खोल समुद्रातील मासेमारीकडे वळवण्याची योजना सुरू झाली. तरीही ट्रॉलरवर कर्ज काढून बसलेल्या मालकाला आणि त्यावरच्या खलाशाला पर्याय मिळाल्याखेरीज हा चर बुजणार नाही, हे अहवालात लिहायला संकोच करू नये. होडीच्या इंजिनाच्या पंख्याने पडलेली ओळ ट्रॉलच्या चरापेक्षा अरुंद आणि वळणाची असते, तर नांगराची जखम गोलसर. प्रत्येक खुणेची लांबी, रुंदी, जीपीएस स्थान आणि खालचा काळा थर उघडा पडला आहे का, हे लिहावे.

पात्यांच्या बाबतीत पहिला प्रश्न उजेडाचा. पृष्ठभागावरच्या प्रकाशाच्या साधारण अकरा टक्के तरी प्रकाश तळाशी पोहोचला तर गवत टिकते. काळ्या-पांढऱ्या चतकोरांची सेकी तबकडी दोरीने सोडून ती दिसेनाशी होण्याची खोली दर भेटीत त्याच ठिकाणी, शक्यतो दुपारी बाराच्या सुमारास मोजावी. कोळंबी तलावांचे आणि गावाचे सांडपाणी जिथे मिळते तिथे पात्यांवर शेवाळाचा बुरा चढतो. पाते दोन बोटांत धरून ओढल्यावर बोटाला चिकट तपकिरी थर लागला आणि खालचे हिरवे पाते मग दिसले, तर बुरा दाट आहे अशी नोंद करावी. बंदराचे खोदकाम, वादळ, शेवाळशेतीचे तराफे यांच्या तारखा आणि अंतरेही लिहून ठेवावीत. 2018 च्या नोव्हेंबरात वेदारण्यमजवळ आलेल्या गजा चक्रीवादळासारखी घटना नोंदीत नसेल, तर पुढच्या पाहणीतली घट कुणाच्या माथी मारायची हेच कळत नाही.

पाण्याचे तापमान मोजणे सर्वांत सोपे आणि सर्वांत दुर्लक्षित काम आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातील शार्क बे येथे 2010-11 च्या सागरी उष्णलाटेत सुमारे एक-तृतीयांश कुरणांचे नुकसान झाले आणि पुढच्या तीन वर्षांत त्यातून 20 ते 90 लाख टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडल्याचा अंदाज आहे. अंदाजाची ही रुंदी लक्षात घ्यावी. उघडा पडलेला सगळा कार्बन हवेत जात नाही. काही भाग दुसरीकडे पुन्हा पुरला जातो. आपल्या अहवालातही 'साठा धोक्यात' असे लिहावे, 'उत्सर्जन झाले' असे लिहू नये.

सगळे नुकसान माणसाच्या हातून थेट होते असेही नाही. लक्षद्वीपच्या अगत्तीसारख्या खाजणांत हिरव्या कासवांनी एकामागून एक कुरणे खाऊन संपवल्याचे नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या संशोधकांनी दाखवले आहे. पाती एकसारख्या उंचीवर कुरतडलेली दिसली तर चराईची शंका घ्यावी आणि प्रदूषणाला दोष देण्यापूर्वी कासवे मोजावीत.

नोंदींचा उपयोग

किनारा नियमन क्षेत्राच्या 2011 आणि 2019 च्या दोन्ही अधिसूचनांनुसार समुद्री गवताची कुरणे सर्वाधिक संरक्षणाच्या 'एक-अ' वर्गात मोडतात, पण ती नकाशावर दाखवलेली असतील तरच या वर्गाचा उपयोग होतो. म्हणून चौकटींचे स्थान, कुरणाची कड आणि फोटो राज्याच्या किनारा व्यवस्थापन प्राधिकरणाला व चेन्नईच्या राष्ट्रीय शाश्वत किनारा व्यवस्थापन केंद्राला पाठवावेत, आणि एखाद्या प्रकल्पाची जनसुनावणी असेल तर तिथे लेखी सादर करावेत. पुनर्रोपणाचा सल्ला देताना हात राखून लिहावे. जगभरच्या पुनर्रोपण प्रयोगांचा आढावा घेतला तेव्हा जगण्याचे सरासरी प्रमाण 37 टक्के निघाले. ज्या कारणाने गवत गेले ते कारण दूर झाले नसेल तर बांबूच्या चौकटींना बांधलेली रोपेही जातात.

हीच पद्धत गोवा आणि सिंधुदुर्गाच्या खाड्यांत वापरायची असेल तर थोडे बदल करावे लागतात. तिथल्या चिखलपट्ट्यांवर आढळणारे हॅलोफिला बेकारी हे जेमतेम काही सेंटिमीटर उंचीचे, जागतिक पातळीवर असुरक्षित ठरवलेले गवत आहे आणि ते सुकतीला उघडे पडते. त्यामुळे स्नॉर्कलची गरज नाही, पण चौकट पंचवीस सेंटिमीटरची घ्यावी, चिखलात पाय रोवून गवत तुडवले जाऊ नये म्हणून फळीवरून चालावे आणि मऊ गाळात दाब-घट जास्त होत असल्याने पाइप दर वीस सेंटिमीटरला थांबवून आतले-बाहेरचे माप पुन्हा घ्यावे.